चेहऱ्यांची जमीन

करणी-भरणीचं चित्र आमच्या पट्ट्यातल्या बहुतेकांनी लहानपणी कुठं ना कुठं पाहिलेलं असतं. जत्रेतल्या तसबिरींच्या दुकानात, पानठेल्याच्या मागच्या भिंतीवर, एखाद्या मठाच्या ओसरीत. मधोमध यमराज, शेजारी वही उघडून बसलेला चित्रगुप्त आणि भोवती लहान लहान चौकोन. खोटी साक्ष देणाऱ्याची जीभ सांडशीनं ओढलेली. भेसळ करणारा उकळत्या कढईत. बैलावर पेलवेना इतकं ओझं लादणारा स्वतःच गाडीला जुंपलेला. चौकोनात शिक्षा काढलेली असते आणि खाली पाप लिहिलेलं असतं. ज्याला अक्षरओळख नाही त्यालाही हे चित्र वाचता येतं, कारण त्याचा हिशेब सरळ आहे. जसं पाप, तशी शिक्षा.

मी मावल्यात राहतो. आदिलाबादहून निर्मलकडं निघालं की 44 नंबरच्या महामार्गालगत आमचं गाव लागतं. पाट्या रंगवणं हा माझा धंदा. तेलुगू, मराठी आणि उर्दू या तिन्ही अक्षरांना हात बसलेला आहे, कारण इथं एकाच दुकानाला कधीकधी तिन्ही लागतात. देवळांच्या भिंतीही मी रंगवतो आणि करणी-भरणी भिंतीवर काढलेली आहे. माझी भाची हैदराबादला ॲनिमेशन शिकते. तिनं मला ‘बर्सर्क’ नावाची जपानी चित्रकथा, म्हणजे मांगा, आणून दिली आणि म्हणाली, “मामा, तुमच्या भिंतीवरच्या नरकात प्रत्येकाच्या नावावर काही ना काही गुन्हा असतो. यातल्या लोकांच्या नावावर काहीच नाही. मग ते तिथं कसे आले?”

हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. हल्ली पोरंपोरी मोबाइलवर असल्या चित्रकथा वाचतात आणि एखादं चित्र कळलं नाही की त्याचा अर्थ शोधायला निघतात. त्यांना कोष्टक मिळतं. अंडं म्हणजे नशीब, हात म्हणजे दैव, डोळा म्हणजे ज्ञान. करणी-भरणीला असं कोष्टक चालतं, कारण ते चित्रच कोष्टकाच्या आकारात काढलेलं असतं. ‘बर्सर्क’मध्ये ते चालत नाही. त्यातली प्रत्येक भयंकर जागा म्हणजे एक सौदा आहे. ती वाचायची असेल तर विचारावं लागतं की इथं कोण काय मिळवतोय आणि ते कुणाच्या जिवावर. एवढा एक प्रश्न हातात धरला तर ती काळीकुट्ट पानं उलगडू लागतात, असा माझा अनुभव आहे.

आधी गोष्टीची ओळख. केंतारो मिउरा यांचा जन्म 1966 चा. ‘बर्सर्क’ची मालिका 1989 साली जपानमधल्या मासिकात सुरू झाली आणि पुढं तीस वर्षांहून अधिक काळ ते तीच गोष्ट काढत राहिले. 6 मे 2021 रोजी महाधमनी फाटून ते गेले. वय 54. गोष्ट अर्धवट होती. शेवट काय व्हायचा हे त्यांनी आपले जुने मित्र, चित्रकथाकार कौजी मोरी यांना सांगून ठेवलेलं होतं. म्हणून 2022 पासून मोरींच्या देखरेखीखाली मिउरांच्या स्टुडिओतले मदतनीस पुढचे भाग काढत आहेत. ही चित्रकथा मोठ्यांसाठी आहे, हे इथंच स्पष्ट सांगतो. तिच्यात रक्तपात आहे आणि बायकांवरचे अत्याचार आहेत. शाळकरी मुलाच्या हातात ती देऊ नये.

काळ साधारण मध्ययुगातल्या युरोपसारखा. गट्स हा भाडोत्री सैनिक. ग्रिफिथ हा देखणा, हुशार सेनानायक, ज्याला स्वतःचं राज्य हवं आहे. कास्का ही त्याच्या फौजेतली सरदार. ग्रिफिथच्या गळ्यात लाल रंगाचं एक अंडं असतं. त्यावर डोळे, नाक, ओठ आहेत, पण एकही जागच्या जागी नाही. त्याला बेहेलिट म्हणतात. पुढं ग्रिफिथ पकडला जातो. वर्षभर तळघरात त्याचे हाल होतात, जीभ कापतात, हातापायांच्या शिरा तोडतात. गट्स, कास्का आणि त्यांचे सोबती जीव धोक्यात घालून त्याला सोडवून आणतात, पण हाती लागतो तो उचलून न्यावा लागणारा मांसाचा गोळा. राज्य तर दूरच, त्याला तलवारही धरता येत नाही. अशा अवस्थेत त्याचं रक्त त्या अंड्याला लागतं, अंड्यावरचे डोळे-नाक-तोंड जागेवर येतात, ते किंचाळतं आणि सूर्याला ग्रहण लागतं.

या ग्रहणात सगळी फौज दुसऱ्या जगात ओढली जाते. तिथं माती नाही, गवत नाही. क्षितिजापर्यंत पसरलेली जमीन माणसांच्या चेहऱ्यांची आहे, चेहऱ्याला चेहरा चिकटलेला. वर काळा सूर्य. पाट्या रंगवणाऱ्याच्या नजरेनं सांगायचं तर इतकं भरलेलं पान काढणं हे हाताला थकवणारं काम आहे. प्रत्येक चेहऱ्याची सावली बारीक रेघांच्या जाळीनं भरलेली आहे. एकही चेहरा दुसऱ्याची नक्कल नाही. मिउरांना घाई करता आली असती. चार चेहरे नीट काढून बाकीचे ठिपक्यांत उडवता आले असते. त्यांनी तसं केलं नाही, आणि मला वाटतं यात कौशल्याइतकाच विचारही आहे. चेहरे ठिपके झाले असते तर ती नुसती जमीनच राहिली असती. चेहरे चेहरे राहतात म्हणून वाचणाऱ्याच्या मनात येतं की हे कुणीतरी होते.

मग त्या जमिनीतून एक प्रचंड हात वर येतो आणि पंगू ग्रिफिथला तळव्यावर घेऊन आभाळाकडं उचलतो. तिथं त्याला त्याचं बालपण दाखवलं जातं. गल्लीतलं गरीब पोर दूरच्या चमकत्या किल्ल्याकडं निघालेलं आहे आणि त्याच्या पायाखालची वाट दगडांची नाही, मुडद्यांची आहे. आजवर त्याच्या स्वप्नासाठी मेलेल्या माणसांची. आता पुढं जायचं असेल तर आणखी मुडदे घालावे लागतील, असं त्याला सांगतात. खाली त्याचे सोबती उभे आहेत, त्याला सोडवून आणणारे. तो म्हणतो, दिले. त्याबरोबर प्रत्येकाच्या अंगावर बळीची खूण उमटते आणि राक्षस तुटून पडतात. गट्सचा एक हात आणि एक डोळा जातो. कास्कावर त्याच्या डोळ्यांदेखत अत्याचार होतो आणि तिचं मन कोसळतं.

भाचीच्या प्रश्नाचं उत्तर या पानांत आहे. ते लोक तिथं शिक्षा म्हणून आलेले नाहीत, किंमत म्हणून आलेले आहेत. म्हणून त्या जागेला दार नाही, न्यायाधीश नाही, चित्रगुप्ताची वही नाही. वही असती तर तिथं कुणालातरी विचारता आलं असतं की माझा गुन्हा कोणता. जमीन चेहऱ्यांची का, तर वर उचलला जाणारा माणूस ज्यावर उभा आहे ते मिउरांनी लपवलं नाही, उघडं करून दाखवलं.

आपल्याकडं ग्रहणाला वेगळा रिवाज होता. ग्रहण लागलं की ‘दे दान, सुटे गिराण’ अशी हाळी देत माणसं दारोदार फिरत. आपल्या घरातलं धान्य, कापड, पैसा दिला की सूर्य सुटतो, अशी श्रद्धा. ‘बर्सर्क’मधलं ग्रहणही देण्यावरच चालतं, पण तिथं देणारा आपलं काही देत नाही, दुसऱ्यांना देऊन टाकतो. मराठी वाचकाला ते पान जास्त बोचतं ते यामुळं, असं मला वाटतं. आपल्या मनात ग्रहण आणि दान यांची गाठ आधीच पडलेली असते.

याच कथेत आधी, तिसऱ्या खंडात, आणखी एक दुसरं जग येतं आणि माझ्या मते ते ग्रहणाइतकंच महत्त्वाचं आहे, जरी त्याबद्दल कमी बोललं जातं. तिथं एक सरदार आहे. त्यानं पूर्वी आपल्या बायकोचा बळी देऊन राक्षसी बळ मिळवलेलं आहे. गट्स त्याला मरणाच्या दारात आणतो तेव्हा बेहेलिट पुन्हा जागं होतं आणि ते सगळे अशा जागी पोचतात जिथं जिने वरही जातात, खालीही जातात आणि आडवेही जातात. एका जिन्याची भिंत ती दुसऱ्याची जमीन. डच चित्रकार एशर यांचा ‘सापेक्षता’ नावाचा 1953 सालचा शिळाछाप ज्यांनी पाहिला असेल त्यांना ही जागा लगेच ओळखता येईल. चित्र काढणाऱ्याला पहिली शिकवण असते ती क्षितिजरेषेची. ती एकदा ठरली की झाड कुठं, माणूस कुठं, हे आपोआप ठरत जातं. या पानांवर ती रेषाच नाही. वर कुठलं, खाली कुठलं, कळत नाही.

अशा ठिकाणी सरदाराला सांगितलं जातं की जगायचं असेल तर आता मुलीला दे. मुलगी शेजारीच उभी असते. तो तिच्याकडं पाहतो आणि त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही. तो मुलीला देत नाही. लगेच खाली आत्म्यांचा भोवरा उघडतो आणि त्यानं मारलेल्यांचे हात त्याला आत ओढतात. वर-खाली नसलेल्या त्या जागेत आता अचानक ‘खाली’ तयार होतं. मला हे पान फार मोठं वाटतं. करणी-भरणीच्या हिशेबानं पाहिलं तर पापी माणूस नरकात गेला, संपलं. पण तो पडतो नेमका त्या क्षणी, जेव्हा त्यानं आयुष्यातली एक बरी गोष्ट केली. आणि मुलगी वाचली म्हणून सुखी होत नाही. बाप गेला याचा सगळा राग ती गट्सवर धरते. मिउरा वाचकाला दिलासा देत नाहीत. ग्रिफिथ आणि हा सरदार, दोघांपुढं एकच मागणी येते. एक देतो आणि पंख फुटून वर जातो. दुसरा देत नाही आणि खाली जातो. वर जाणं चांगलं आणि खाली जाणं वाईट, हा आपल्या डोळ्यांत बसलेला समज ही दोन दृश्यं शेजारी ठेवली की मोडतो.

मिउरांच्या या जगांवर युरोपीय चित्रकारांचा ठसा उघड दिसतो. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात बॉश यांचं ‘ऐहिक सुखांची बाग’ हे तीन फळ्यांचं चित्र आहे, साधारण 1500 च्या आसपासचं. त्याच्या उजव्या फळीवरचा माणसं गिळणारा पक्षी आणि अवयवांची यंत्रं पाहिली की ‘बर्सर्क’मधले राक्षस कुठल्या घराण्यातले ते कळतं. गुस्ताव दोरे यांनी 1861 साली दान्तेच्या नरकासाठी केलेल्या चित्रांत काळोख रेघांनी विणलेला आहे. मिउरांचा काळोखही तसाच विणलेला.

पण मला मिउरांच्या घरातला वारसा जास्त जवळचा वाटतो, कारण त्याची मुळं आपल्याकडं आहेत. जपानमध्ये बाराव्या शतकातले नरकाचे रंगवलेले पट आहेत, टोकियो आणि नारा इथल्या राष्ट्रीय संग्रहालयांत ते जपलेले आहेत. त्याआधी 985 साली गेन्शिन नावाच्या भिक्षूनं नरकांचं तपशीलवार वर्णन लिहिलं. हे नरक बौद्ध धर्माबरोबर भारतातून चीनमार्गे तिथं गेले. आपला यम तिथं एम्मा झाला आणि न्यायासनावर बसला. पुढं कुमानोच्या भिक्षुणी गावोगाव चित्र घेऊन फिरू लागल्या. त्यांच्या चित्रात वर कमानीसारखी वाट असते, एका टोकाला जन्म, मध्ये तारुण्य, दुसऱ्या टोकाला म्हातारपण. खाली नरक, प्रेत, पशू, माणूस, देव, बुद्ध अशी दहा जगं. आणि मधोमध एका वर्तुळात एकच अक्षर, त्याचा अर्थ मन. त्या अक्षरापासून दहाही जगांकडं रेषा गेलेल्या असतात. भिक्षुणी काठीनं एकेक जागा दाखवत गोष्ट सांगे आणि बायाबापड्या भोवती बसून ऐकत.

सिंधुदुर्गातल्या पिंगुळीला ज्यांनी चित्रकथी पाहिली आहे त्यांना हे दृश्य वेगळं सांगायला नको. कुडाळ तालुक्यातल्या या गावी ठाकर समाजाची मंडळी पोथीतली चित्रं एकामागून एक पुढं धरत वाद्यांच्या साथीनं कथा लावतात. ही कला टिकवणारे परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री मिळाली. चित्रकथी काय किंवा कुमानोची भिक्षुणी काय, भयंकर चित्राशेजारी एक माणूस उभा असायचा. पोर घाबरलं तर त्याच्याकडं बघून हसायचा, गोष्ट पुढं न्यायचा. आजची मुलं ग्रहणाची ती पानं एकटी, रात्री, पांघरुणात मोबाइलवर पाहतात. मला काळजी वाटते ती याची. घरातल्या मोठ्यांनी पुस्तक हिसकावून घेण्याऐवजी शेजारी बसावं आणि विचारावं, हे चित्र तुला काय सांगतं? माझ्या भाचीनं मला हेच विचारलं, आणि आमच्या दोघांच्या वयात तीस-पस्तीस वर्षांचं अंतर असून आमचं बोलणं खुंटलं नाही.

आता आमच्या भागातली एक गोष्ट. आदिलाबादच्या गोंडांचे भाट म्हणजे परधान. गोंडांच्या देवांच्या कथा ते किंगरीवर गोंडीत गातात आणि घरात मराठी बोलतात. म्हणजे आमच्याच भाषेतली माणसं दुसऱ्या जगाच्या या कथा पिढ्यानपिढ्या सांभाळत आलेली आहेत. मारलवाईला राहून अभ्यास केलेले मानवशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांनी 1948 साली छापलेल्या ग्रंथात या कथा नोंदवल्या. त्यांच्याही आधी नागपूरचे मिशनरी हिस्लॉप यांनी अशाच कथा टिपून ठेवल्या होत्या, त्या 1866 साली प्रसिद्ध झाल्या. पुढं डिंडोरी जिल्ह्यातल्या पाटणगढचे परधान जनगढसिंह श्याम यांनी भोपाळच्या भारत भवनाच्या आधारानं गाण्यातले देव कागदावर आणले आणि देशोदेशी नेले. 2001 साली जपानमध्येच त्यांचा अंत झाला. परधानांची रेघ जपानपर्यंत पोचली होती, हे मांगा वाचणाऱ्या आपल्या पोरांना ठाऊक असायला हवं.

तर कथा अशी. कली कंकालीची लेकरं शंभूनं गुहेत कोंडली आणि तोंडावर भली मोठी शिळा लावली. नागपूरचे मोतीरावण कंगाली यांनी मांडलेल्या कोया पुनेमच्या, म्हणजे गोंडी धर्माच्या, परंपरेत ही गुहा म्हणजे गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकसा तालुक्यातलं कचारगड. आतली लेकरं अंधारात खंगत चालली होती. गोंडांचा धर्मगुरू पारी कुपार लिंगो यानं त्यांना सोडवायचं ठरवलं, पण शिळा हलेना. तेव्हा हिरासुका पाटालीर या वादकानं बाहेर बसून किंगरी वाजवायला घेतली. तो नाद गुहेत शिरला, लेकरांच्या अंगात बळ आलं, त्यांनी आतून रेटा दिला आणि शिळा ढळली. लेकरं बाहेर आली. शिळा गडगडत आली ती हिरासुकाच्या अंगावर. वाजवणारा तिच्याखाली मेला. दरवर्षी माघ पौर्णिमेला कचारगडला लाखोंच्या संख्येनं लोक जमतात, तेव्हा देवांबरोबर त्याचंही नाव घेतलं जातं.

अंधारी जागा, कोंडलेले जीव, दाराशी शिळा, आणि शेवटी एक मरण. चित्राचे सगळे तुकडे ‘बर्सर्क’चे आहेत. कोष्टक लावलं तर दोन्हीकडं तोच अर्थ निघेल: गुहा म्हणजे गर्भ, शिळा म्हणजे बंधन, सुटका म्हणजे नवा जन्म. ग्रिफिथचाही नवा जन्मच होतो की. पण किंमत कोण मोजतो हे विचारलं की दोन्ही कथा पाठीला पाठ लावून उभ्या राहतात. कचारगडला एकजण स्वतः चिरडला जातो आणि बाकीचे उजेडात येतात. ग्रहणात बाकीचे चिरडले जातात आणि एकजण उजेडात जातो. प्रतीकं वाचायला शिकवायचं असेल तर मी या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवीन.

गुसाडीबद्दलही सांगितलं पाहिजे. दिवाळीच्या दिवसांत आमच्याकडं गोंडांची दंडारी, म्हणजे नाचणाऱ्यांची मंडळी, निघते. त्यातले गुसाडी नर्तक डोक्यावर मोरपिसांचा मोठा टोप घालतात, त्याला शिंगं असतात. अंगाला राख, त्यावर ठिपके, खांद्यावर कातडं, हातात दंड, कमरेला घुंगरं. पूजा करून तो वेश चढला की तो माणूस घरातला कुणी राहत नाही, देवाचा होतो. लहान पोरं त्याला भितात आणि दुखणाईत माणसं त्याच्या दंडाचा स्पर्श मागतात. मारलवाईचे कनक राजू यांनी हे नृत्य देशभर नेलं, त्यांना 2021 साली पद्मश्री मिळाली, 2024 मध्ये ते गेले. ‘बर्सर्क’मध्येही असाच एक वेश आहे. गट्सला एक काळं चिलखत मिळतं. ते अंगावर चढलं की शिरस्त्राण कुत्र्याच्या जबड्यासारखं होतं, वेदना जाणवत नाहीत आणि मोडलेली हाडं आतून खिळे ठोकून जोडली जातात. त्याच्या मनातला सुडाचा काळा कुत्राच बाहेर येऊन त्याला घालतो, असं मिउरांनी काढलं आहे. त्याची किंमत पुढं दिसते. गट्सची चव जाऊ लागते, रंग ओळखू येईनासे होतात. रंग जाणं काय असतं ते माझ्यासारख्याला वेगळं सांगावं लागत नाही. गुसाडीचा वेश गावासमोर चढतो आणि सण सरला की विधी करून गावासमोरच उतरतो. गट्सचं चिलखत एकट्यानं चढवलेलं असतं आणि उतरवायला त्याला शिएर्के या लहान मुलीची हाक लागते, जी त्याच्या मनात शिरून त्याला परत बोलावते.

एका गोष्टीवर मात्र माझा आक्षेप आहे. ‘बर्सर्क’मध्ये पूर्वेकडून कुशाण साम्राज्य चाल करून येतं. त्याचा सम्राट गनिष्का. त्याच्या फौजेत पिशाच आहेत, मकर आहेत, हत्ती आहेत. आपल्या देवळाच्या तोरणावरचा मकर पाण्याचा आणि समृद्धीचा. इथं तो शहरं तुडवणारा राक्षस झाला आहे. खऱ्या कुशाण सम्राट कनिष्काच्या काळात बुद्धाच्या मूर्ती घडल्या आणि तो धर्म उत्तरेच्या वाटेनं पुढं चीन-जपानला गेला. त्याच कुशाणांना जपानी चित्रकारानं नुसती टोळधाड म्हणून काढावं, हे मला पटत नाही. मिउरांच्या हातून इतर ठिकाणी राक्षसालाही मन मिळतं. इथं पूर्वेला ते फार कमी मिळालं.

आता कास्का. ती बरीच वर्षं भान हरपलेल्या अवस्थेत गट्सबरोबर फिरते. चाळिसाव्या खंडात, जो जपानमध्ये 2018 साली आला, शिएर्के आणि गट्सच्या सोबतची फार्नेस या दोघी तिच्या स्वप्नात उतरतात. हे जग ग्रहणासारखं भरलेलं नाही. उजाड माळ. एक जखमी कुत्रा दोरीनं शवपेटी ओढत चालला आहे. पेटीत फुटक्या बाहुलीसारखी कास्का, तिचे तुकडे वाटेत विखुरलेले. कुत्रा म्हणजे कोण, ते वाचकाला सांगावं लागत नाही. चिलखतातला काळा कुत्रा इथं पुन्हा येतो, पण फाडायला नाही. तो राखण करतो, ओढतो, लंगडतो, तरी थांबत नाही. दोघीजणी एकेक तुकडा उचलतात आणि प्रत्येक तुकड्याबरोबर कास्काची एक आठवण परत येते. तेच जनावर एका जागी विनाश आणि दुसऱ्या जागी सोबत. कोष्टक करणाऱ्यानं ‘कुत्रा’ या शब्दासमोर काय लिहायचं? इथं किंमत कोण मोजतोय ते पाहिलं की दोन्ही अर्थ नीट लागतात. चिलखतात कुत्रा गट्सला खातो, माळावर कुत्रा स्वतः झिजतो.

शेवटचा तुकडा ग्रहणाचा असतो. तो सगळ्यांत काटेरी आहे, आणि तो बसवला तरच बाहुली पुरी होते. कास्का शुद्धीवर येते. सगळ्यांना आनंद होतो. मग ती गट्सकडं पाहते आणि ग्रहण तिच्या डोळ्यांपुढं उभं राहतं, ती किंचाळते. ज्यानं तिला इतकी वर्षं सांभाळलं त्याचाच चेहरा तिला बघवत नाही.

यावर भाचीचं आणि माझं पटत नाही. ती म्हणते, “मामा, इतकं ओढत आणल्यावर एवढं तरी द्यायला हवं होतं त्याला. हा अन्याय आहे.” मी म्हणतो, गट्सनं पेटी ओढली ती मोबदल्यासाठी नव्हती. कास्काच्या बऱ्या होण्यावर त्याचा हक्क लागला असता तर तोही ग्रिफिथसारखाच एक सौदा झाला असता, आणि मिउरांनी तो होऊ दिला नाही. ती म्हणते, “हे तुम्ही पुरुष म्हणून सोपं करून सांगताय, कास्काला काय हवं ते कुणी विचारलंय का?” तिच्या या म्हणण्यात तथ्य आहे. त्या सबंध स्वप्नात कास्काच्या तोंडी फारसं काही नाही, तिचे तुकडे दुसऱ्यांनीच वेचलेले आहेत. मोरी आणि त्यांचे मदतनीस पुढचे भाग काढत आहेत, त्यांत ती बोलेल का, हे आम्ही दोघं पाहतोय. माघ पौर्णिमेला भाची कचारगडला यायचं म्हणते. नागपूरहून गोंदिया आणि पुढं सालेकसा, दरेकसा अशी गाडी जाते. तिच्यासोबत कॉलेजातली एक परधान मैत्रीण येणार आहे, तिचे आजोबा किंगरी वाजवतात. मी त्यांना आधीच विचारून ठेवलं आहे की हिरासुकाची कथा त्यांनी मराठीत सांगावी, म्हणजे मला भिंतीवर काढायची झाली तर आधी नीट ऐकलेली असेल.